साठीच्या आतलं माणूस

कोल्हापूरहून परत आल्यावर वसतिगृहातल्या मैत्रिणींनी आधी माझी पिशवी तपासली. चप्पल आणली का, तांबडा रस्सा कसा लागतो, अंबाबाईचं दर्शन झालं का, रंकाळा केवढा आहे, असे प्रश्न चालू झाले. गूळ आणला होता, दर्शनही झालं होतं. पण चार दिवसांतल्या दोन सकाळी मी पोहण्याच्या एका तलावाच्या फाटकाशी घालवल्या, असं सांगितलं तेव्हा त्या हसायला लागल्या. मला पोहता येत नाही हे त्यांना माहीत आहे. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावाला नदी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यातून बैलगाडी जाते आणि पावसाळ्यात तिच्याजवळ कोणी जाऊ देत नाही. तोंडी सांगताना माझा गोंधळ होतो, म्हणून नीट लिहून काढते आहे.

मी गेले होते ते विद्यार्थ्यांच्या एका शिबिराला. विषय होता ‘वय आणि मानवी हक्क’. फेब्रुवारीच्या शेवटी, परीक्षेच्या तोंडावर कोणी जायला तयार नव्हतं, म्हणून सरांनी मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर विषयासाठी नाही, मी अकोल्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते म्हणून. दुपारी व्याख्यानं, आणि सकाळ-संध्याकाळ ज्यांच्या घरी उतरायचं त्या ज्येष्ठ माणसांशी बोलायचं, अशी शिबिराची रीत होती. वयामुळे त्यांना कुठे अडवलं गेलं का, हे विचारायचं आणि शेवटच्या दिवशी त्यावर चार वाक्यं बोलायची.

शाहूपुरी, पहिली संध्याकाळ

माझं उतरणं शाहूपुरीत, शिवलिंगअण्णा आणि गिरिजाक्का यांच्याकडे होतं. अण्णा बहात्तर वर्षांचे, गुळाच्या व्यापारातून निवृत्त झालेले. अक्का अडुसष्टच्या. लिंगायत घर, आपसात कानडी, माझ्याशी मराठी. मुलगा बंगळुरूला असतो.

कोल्हापूर म्हणजे तिखट मटण असं डोक्यात घेऊन गेलेली मी शाकाहारी घरात जाऊन पडले होते. ताटात भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही आणि भाकरी. भाकरी उचलली तर ती पापडासारखी कडक. आमच्याकडे भाकर गार झाली तरी आई हळहळते, आणि इथे ती मुद्दाम कडक करून डब्यात भरून ठेवतात. मी ती दुमडायला गेले आणि तिचा एक तुकडा उडून अण्णांच्या दह्यात पडला.

“पावणं, दात हायत न्हवं?” अण्णा म्हणाले. “मग मोडा आन् खावा. हिला घडी घालायची नसती.”

मी कानापर्यंत लाल झाले. अक्कांनी माझ्या ताटात भाकरी चुरून दिली.

अक्कांच्या बोलण्यातली एक गोष्ट मला पहिल्याच रात्री नवी वाटली. त्या स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. नंतर कळलं की कोल्हापूरच्या पुष्कळ बायका असंच बोलतात. ऐकायला फार ऐटबाज वाटतं.

जेवणानंतर मी चाचरत शिबिराचा प्रश्न विचारला. वयामुळे कुणी कधी अडवलं का? अण्णांनी मान हलवली, म्हणाले, “आपल्याला कोण अडिवणार?” अक्का भांडी आवरता आवरता थांबल्या.

“मला अडिवलंय,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी चल. दावतो.”

फाटक

अक्कांचं माहेर निपाणीच्या बाजूला. लहानपणी भावांच्या बरोबरीनं विहिरीत उड्या मारायच्या. लग्न झालं आणि पोहणं संपलं. गेल्या वर्षी गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं की जवळच्या तलावावर सकाळी बायकांची वेळ सुरू झाली आहे. त्या गेल्या, उतरल्या, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, “पाण्यात गेलं की गुडघ्यास्नी कळतच न्हाय त्ये माझं हायत म्हणून.” तेव्हापासून एक दिवस चुकवला नव्हता. मग पुरुषांच्या वेळेत कुणा आजोबांना चक्कर आली. त्यांना काही झालं नाही, पण व्यवस्थापनानं नियम काढला: साठीच्या पुढच्या माणसाला एकट्याला प्रवेश नाही. घरचं किंवा ओळखीचं जबाबदार माणूस, बाई किंवा पुरुष, बरोबर हवं, त्यानं काठावर बसून राहिलं पाहिजे. गेले काही आठवडे अक्का पाण्याबाहेर होत्या.

“मग अण्णा का नाही बसत?” मी विचारलं.

“आज येतोय की,” अण्णा म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि टोपीही.

फाटकाशी सुनंदाताई म्हणून बाई टेबल मांडून बसलेल्या होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी. अक्कांना बघून त्यांना बरं वाटलं हे चेहऱ्यावर दिसलं.

“अक्का, आलासा? कोण आणलंय जबाबदार?”

“ह्यो काय,” अक्कांनी अण्णांकडे बोट केलं. “नवरा.”

“अण्णा, वय किती म्हणायचं?”

“बहात्तर.”

सुनंदाताई अवघडल्या. “जबाबदार माणूस साठीच्या आतलं पायजे, अण्णा. नियमातच हाय तसं.”

“म्हंजे मी हिचा नवरा न्हाय?”

“नवरा हायसा की. जबाबदार न्हाय.”

“हे मी चाळीस वर्षं सांगतोय,” अक्का म्हणाल्या.

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका हसल्या, अण्णाही हसले, पण टोपी काढून त्यांनी हातात घेतली. मला त्यांच्याकडे बघवेना. ज्यांनी आयुष्यभर हजारो ढेपांचा सौदा नुसत्या शब्दावर केला, ते आता बायकोच्या शेजारी उभं राहायलाही पुरेसे नव्हते.

तेवढ्यात सुनंदाताईंची नजर माझ्यावर पडली.

“ही कोण?”

“पावणी हाय. शिबिराला आलीया.”

“वय काय गं तुझं?”

“वीस,” मी म्हटलं.

“मग ही चालती की!”

हे शिबिर करायला मिळावं म्हणून आठवड्यापूर्वीच मी वडिलांची सही घेऊन कॉलेजात दिली होती. वडील गवंडीकाम करतात; त्यांनी हात पुसून, सावकाश अक्षरं जोडत सही केली होती. माझं मला कळतं असं कॉलेजला अजून वाटत नाही. आणि इथे, एका दिवसाच्या ओळखीवर, मी अडुसष्ट वर्षांच्या बाईची जबाबदार होणार होते. पण अक्का पाण्याकडे बघत होत्या. जाळीतून निळं पाणी दिसत होतं. मी म्हटलं, “बसते मी.”

अक्का उतरल्या ते मला आठवतं. पायऱ्या उतरताना कठडा धरून, एकेक पाय जपून. मग छातीपर्यंत पाणी आलं आणि त्यांनी हात पुढे टाकले, आणि त्या बाई एकदम कुणीतरी वेगळ्याच झाल्या. घाई नाही, पाणी उडवणं नाही. पलीकडे जाऊन आल्या, पाठीवर वळून पडून राहिल्या. डोळे मिटलेले. मी काठावर जबाबदार म्हणून बसले होते आणि मला एवढंच कळत होतं की यांना काही झालं तर मी फक्त ओरडू शकेन.

बाहेर आल्यावर अक्का केस पुसत होत्या. सुनंदाताई माझ्याजवळ आल्या.

“आजींना त्रास न्हाय न्हवं काय झाला? बीपीची गोळी दिलीस का सकाळी? उद्या आणणार हायस का त्यास्नी?”

मी म्हटलं, “हो, आणते.”

अक्का आमच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी टॉवेल घडी केला, पिशवीत टाकला आणि माझ्यासाठी न थांबता चालायला लागल्या. माझं काय चुकलं ते मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. आत जाताना सुनंदाताईंच्या दृष्टीनं त्या अक्का होत्या. मी काठावर बसल्यावर त्या आजी झाल्या, आणि त्यांच्या गोळीचा प्रश्न मला विचारला गेला.

म्हशींचा चौक

त्या दुपारच्या व्याख्यानात एक गोष्ट ऐकली ती माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या राज्यघटनेत भेदभाव करू नये म्हणून जी कारणं मोजून सांगितली आहेत, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, त्यांत वय हा शब्द नाही. समानतेचा हक्क सगळ्यांनाच आहे, त्यामुळे वयाच्या अन्यायाविरुद्ध त्याच्या आधारे दाद मागता येते, असं व्याख्यान देणाऱ्या बाईंनी समजावलं. पण शब्द नाही तो नाहीच.

संध्याकाळी अण्णा मला धारोष्ण दूध प्यायला घेऊन गेले, अक्काही बरोबर आल्या. ही कोल्हापूरची खास रीत. गवळी म्हशी घेऊन चौकात येतात, गिऱ्हाईक पेला मागतं, आणि समोर धार काढून फेसाळ दूध हातात देतात. शहराच्या मधोमध, दुचाक्यांच्या गर्दीत म्हशी निवांत रवंथ करत उभ्या. आमच्याकडे दूध तापवल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. मी धीर करून पेला लावला. कोमट, दाट आणि गोडसर. अर्ध्यावर आले आणि पुढे जाईना.

“संपिव,” अक्का म्हणाल्या. तलावावरून आल्यापासून त्या माझ्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

तिथेच शांताबाई भेटल्या. पलीकडच्या गल्लीत त्यांच्या मुलाची पिठाची गिरणी आहे आणि दिवसभर तिथे शांताबाईच बसतात. साठी नुकतीच ओलांडलेली, अंगावर अजून पिठाची पांढुरकी छटा. पोहायला शिकायचं म्हणून त्यांनी पैसे भरले आणि त्याच आठवड्यात नियम आला.

“फिरत्या पट्ट्याशेजारी दिवसभर एकटी बसायला मी चालतो,” शांताबाई म्हणाल्या. “तिथं न्हाय कुणी म्हणत जबाबदार माणूस आण.”

मी व्याख्यानातली गोष्ट सांगितली. यादीत वय नाही म्हणून.

“ऱ्हायलं असंल,” अक्का म्हणाल्या. “लिवणारी माणसं तवा तरणी असतील.”

“तरणी कुठली,” अण्णा म्हणाले. “तीबी म्हातारीच हुती. म्हाताऱ्यास्नी आपण म्हातारं झालोय हे कुठं कळतंय?”

“तुमास्नी कळलं की आज सकाळी.”

अण्णा म्हशीकडे बघायला लागले.

मग मी शेवटच्या दिवशी बोलायचं म्हणून जे लिहिलं होतं ते अक्कांना वाचून दाखवलं. लाजतच. त्यात मी लिहिलं होतं की अडुसष्ट वर्षांच्या या आजी तरुण मुलींपेक्षाही सुंदर पोहतात, त्यांना अडवणं हा अन्याय आहे. मला वाटलं त्यांना आवडेल.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. “हे न्हाय सांगायचं,” त्या म्हणाल्या.

“का?”

“मी चांगलं पवतो म्हणून मला आत सोडा असं व्हय? मग ह्या शांताचं काय? हिला तर पाण्याची भीती वाटती.”

“लई वाटती,” शांताबाई म्हणाल्या.

“उद्या माझं हात चालायचं बंद हुतील. मग मला नुसतं काठाला धरून पाण्यात हुबं ऱ्हावंसं वाटलं तर? तवा काय, परीक्षा घेणार हायत? तरण्या पोरी येत्यात, एकीला धड पवाय येत न्हाय. त्यास्नी कुणी म्हणतंय का, आईला काठावर बशिव म्हणून?”

“पण अक्का, कुणाला चक्कर आली तर...”

“येऊ दे की. चक्कर काय वय बघून येती? सगळ्यास्नी विचारा, काय दुखणं हाय, कुणाला फोन करायचा. वीस वर्षांच्या पोरीला विचारा आन् मलाबी विचारा. मी सांगतो की. पण मला विचारा. तुला न्हाय.”

शेवटचे दोन शब्द त्यांनी रागानं म्हटले नाहीत. म्हणूनच ते लागले. मी चौकातच कागद घडी करून ठेवला. काठावर बसायला हो म्हणताना मी मदतच केली होती, आणि तरी त्यांच्या जागी मी उत्तरं द्यायला लागले होते. दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का तलावावर गेल्या नाहीत. मी विचारलंही नाही. सकाळी अण्णांबरोबर मिसळ खायला गेले. तिथे मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस देतात आणि कट वाडग्यात वेगळा. मला कट म्हणजे सार वाटलं आणि मी तो वाडग्यानंच प्यायले. पुढचा अर्धा तास अण्णा मला पाणी पाजत होते आणि हॉटेलातली माणसं आपलं खाणं थांबवून मला सल्ले देत होती. शिबिराचा तो शेवटचा दिवस होता; दुपारी मी बोलले, पण अडखळत. अक्कांनी सांगितलं तेच सांगितलं, त्यांच्या नावाशिवाय. टाळ्या पडल्या, आणि मला त्यांचं काही वाटलं नाही. कारण अक्का अजून पाण्याबाहेरच होत्या.

पुन्हा फाटक

शेवटच्या सकाळी अक्का पोहण्याचे कपडे साडीखाली घालून तयार होत्या. “चल,” म्हणाल्या. “पण बसायचं न्हाय. बघायला चल.” माझी गाडी दुपारची होती. मी पिशवी घेऊनच निघाले.

फाटकाशी शांताबाई आधीच येऊन थांबल्या होत्या.

अक्कांनी सुनंदाताईंना सरळ सांगितलं. “सुनंदा, आज कुणी न्हाय आणलेलं. माझी जबाबदार मीच. काय विचारायचं त्ये मला विचार.”

“अक्का, मला कळत न्हाय व्हय?” सुनंदाताई हळू आवाजात म्हणाल्या. “मागं त्या आजोबास्नी चक्कर आली तवा बोलणी मी खाल्ली. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर तू घरी. माझं सांगा, मी काय करू?”

अक्का म्हणाल्या, “तुझ्यावर न्हाय राग माझा. साहेबास्नी फोन लाव.”

फोन लागला. साहेब म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू, आज नियमाप्रमाणेच. अक्का फाटकाबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर.

मला राहवलं नाही. “अक्का, आजचा दिवस मी बसते ना. तुम्ही पोहा. भांडण उद्या करा.”

“आज तुझ्या जिवावर उतरलो, तर उद्या भांडू कशाला?” त्या म्हणाल्या. “मला गोडी लागंल त्याची.”

शांताबाईंची मात्र चुळबुळ चालली होती. त्या एकदा अक्कांकडे, एकदा पाण्याकडे बघत होत्या. शेवटी माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, “माझ्यासाठी बसतीस का गं तू? मी काय भांडायला आलो न्हाय. मला शिकायचंय.”

मी अक्कांकडे बघितलं. मला वाटलं त्या चिडतील.

“जा की शांता,” अक्का म्हणाल्या. “माझं भांडण तुझ्या गळ्यात कशाला?”

मी आत गेले, काठावर बसले. शांताबाई कठडा दोन्ही हातांनी धरून पहिल्या पायरीवर उतरल्या. पाणी घोट्याला लागलं. दुसऱ्या पायरीला त्या थांबल्या. शिकवणारी मुलगी पलीकडे चार जणींना शिकवत होती, तिनं हात करून ‘आलेच’ म्हटलं.

शांताबाई माझ्याकडे वळल्या. “तुला पवाय येतं?”

“नाही.”

“मग मी बुडलो तर काय करशील?”

“ओरडेन,” मी खरं ते सांगितलं.

त्या एवढ्या हसल्या की कठडा सुटता सुटता राहिला. मग हसू थांबलं. त्यांनी फाटकाकडे बघून मोठ्यानं हाक मारली, गिरणीत पट्ट्याच्या आवाजावर मारत असतील तशी.

“ओ सुनंदाताई, जबाबदार माणूस माझं म्हंजे मी सांगायचं न्हवं?”

“व्हय की.”

“मग ह्या पोरीला जाऊ दे. तिची गाडी हाय. माझं माणूस त्ये बाहीर बसलंय बाकावर. त्याला आत घ्या.”

“शांताबाई, त्या अडुसष्टच्या हायत.”

“असू देत. मी काय वय मागितलंय? माणूस मागितलंय. न्हाईतर मी इथनं हलत न्हाय, वर बी न्हाय आन् खाली बी न्हाय.”

शांताबाई खरोखरच दुसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या. मागच्या बायका पायऱ्यांशी खोळंबल्या. एकीनं विचारलं काय झालं, दुसरीनं सांगितलं, आणि मग कुणीतरी म्हणालं, “घ्या की ओ त्यास्नी आत, पाणी काय संपतंय व्हय?” सुनंदाताईंनी टेबलावरचा फोन उचलला, परत ठेवला. मग त्या उठल्या आणि त्यांनी फाटक उघडलं.

“आजच्यापुरतं, अक्का. साहेबास्नी मी सांगतो काय त्ये.”

अक्का आत आल्या. साडी सोडून, पिशवीत नीट ठेवून पायऱ्यांपाशी गेल्या. सुनंदाताई मागोमाग.

“शांताबाईंच्या जबाबदार तुम्ही. बरं. पण तुम्ही पाण्यात उतरला तर तुमचं कोण?”

अक्का काही बोलायच्या आतच शांताबाईंनी कठड्यावरचा एक हात सोडला. दुसरा अजून घट्ट होता, बोटं पांढरी पडलेली. मोकळा हात त्यांनी वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

“मी हाय की,” त्या म्हणाल्या.